उपवासाची आयरिश कॉफी

कोणतीही वस्तू मुळात वाईट नसते. ती कोणाच्या घरी खाल्ली-प्यायली जाते, यावर तिचं वाईटपण ठरतं. हे तत्त्व न पटणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण ते वारज्याच्या ज्ञानकिरण सहकारी गृहरचना संस्थेत राहत नाहीत.

ज्ञानकिरण ही शहाण्णव सदनिकांची संस्था. सभासद सुशिक्षित, बरेचसे निवृत्त, आणि सगळे पेठांमधली कोंदट हवा सोडून इथली मोकळी हवा खायला आलेले. आल्याबरोबर त्यांनी खिडक्यांना काचा लावून त्या बंद करून घेतल्या. संस्थेत दारू पिणारा एकही मनुष्य नाही. (शहाण्णवपैकी एकाहत्तर घरांत बाटली आहे. ती माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे असते आणि 'कोणीतरी भेट दिलेली' असते. एकाहत्तर घरांना बाटल्या वाटणारा हा दानशूर कोण, याचा तपास लागलेला नाही. बाटलीतली पातळी दर शनिवारी थोडी उतरते. ते बाष्पीभवन होय.)

ही संस्था ज्या जमिनीवर उभी आहे ती सर्जेरावांची. आज जिथे क्लबहाऊस आहे तिथे त्यांची विहीर होती आणि ए-विंगच्या लिफ्टच्या जागी म्हशींचा गोठा. गाव शहरात गेलं, शहर शेतात आलं, आणि बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात जे काही दिलं त्यात बी-विंगच्या तळमजल्यावरची एक सदनिका होती. मुलगा चाकणला नोकरीला, मुलगी नांदायला गेलेली. घरात सर्जेराव आणि त्यांच्या पत्नी मथुराबाई, दोघंच. ज्या मातीत त्यांनी तीस वर्षं पाणी धरलं, तिच्यावर आता फरशी होती आणि फरशीवर 'येथे उभे राहून बोलू नये' अशी सूचना होती.

ज्ञानकिरणमध्ये भेदभाव अजिबात नाही. तसा ठरावच आहे. सर्जेरावांच्या दारात अकरा वर्षांत सभासद एकशे बेचाळीस वेळा आले (वर्गणीसाठी एकशे नऊ, पाण्याच्या तक्रारीसाठी एकवीस, चुकून बारा). आत आले : शून्य. प्रत्येकाला सर्जेराव म्हणाले, "या की आत, पानी तरी घ्या." प्रत्येक जण घड्याळाकडे बघून म्हणाला, "पुन्हा कधीतरी." ही आकडेवारी कुठे लिहिलेली नाही. ती सर्जेरावांना पाठ आहे.

त्यांना दुसरं काही नको होतं. संस्थेतल्या चार माणसांनी घरात यावं, बसावं आणि मथुराबाईंच्या हातचं पाणी प्यावं, एवढंच. त्यांच्या गावठाणातल्या ओट्यावरून एखादा माणूस पाणी न पिता उठला, तर त्याचं आपल्याशी भांडण आहे असा अर्थ होई, आणि मग ते मिटवताही येई. इथे भांडण नव्हतं. त्यामुळे ते मिटवायचं कसं, हे त्या भल्या माणसाला अकरा वर्षांत समजलं नव्हतं.

अशा परिस्थितीत पद्मजाताई आयर्लंडला जाऊन आल्या.

पद्मजाताई म्हणजे संस्थेच्या सांस्कृतिक समितीच्या अध्यक्ष. लेकीकडे सहा आठवडे राहून त्या परतल्या आणि त्यांनी क्लबहाऊसमध्ये 'आयर्लंड : निसर्ग, माणसं आणि संस्कृती' या विषयावर चित्रांसह व्याख्यान दिलं. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानात निसर्गाला चार मिनिटं मिळाली, माणसांना तीन, आणि उरलेल्या तेहतीस मिनिटांत संस्कृतीच्या सदराखाली त्यांनी तिथल्या कॉफीचं वर्णन केलं. पायाचा काचेचा पेला. त्यात तपकिरी साखर. त्यावर कडक, काळी, वाफाळती कॉफी. आणि सगळ्यांत वर पांढरीशुभ्र साय, तरंगती.

"ती ढवळायची नाही बरं का," पद्मजाताई म्हणाल्या. "सायीतूनच प्यायची. आधी ओठाला गार लागतं, मग घशाला गरम. आणि मध्ये थोडी..." इथे त्यांनी आवाज उतरवला, नात्यातल्या कोणाच्या दुसऱ्या लग्नाबद्दल बोलावं तसा. "थोडी व्हिस्की असते. औषधापुरती."

संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच व्याख्यानात कोणाला डुलकी लागली नाही. त्या संध्याकाळपासून ज्ञानकिरणला ध्यास लागला. जिन्यात भेटलेली माणसं हवापाण्याऐवजी सायीबद्दल बोलू लागली. चौदा सभासदांनी तर 'आंतरराष्ट्रीय पेयसंस्कृती अभ्यासगट' स्थापन केला. अभ्यास कोणाच्या घरी करायचा, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

सभासदांना ही कॉफी प्यायची होती. फक्त आपल्या घरी नको होती. कारणं सगळी रास्त होती. कोणाचं देवघर स्वयंपाकघरातच होतं. कोणाच्या सासूबाईंचं नाक अजून शाबूत होतं. कोणाच्या कामवाल्या बाई चार घरी जातात (आणि त्या चारही घरी अभ्यासगटाचेच सदस्य राहत होते, म्हणजे पंचाईतच). दोघांनी तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला. क्लबहाऊसमध्ये उपविधी क्रमांक एकतीस आड येत होता. सर्वांच्या सर्व अडचणी सहानुभूतीनं ऐकून घेतल्यावर चौदा जणांची नजर आपोआप बी-विंगच्या तळमजल्याकडे वळली.

दुसऱ्याच दिवशी संस्थेचे चिटणीस माधवराव परचुरे सर्जेरावांच्या दारात उभे राहिले. माधवरावांची एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत साखर कारखान्यांच्या मळीचे नमुने तपासण्यात गेली होती, आणि माणसाकडेही ते नमुन्याकडे बघावं तसंच बघत.

"या की आत," सर्जेराव सवयीनं म्हणाले.

आणि माधवराव आत आले! दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत. सोफ्याच्या कडेवर का होईना, पण चक्क बसले. सर्जेरावांना काय करावं सुचेना. त्यांनी चालू पंखा बंद केला आणि परत लावला.

"अहो सर्जेराव, एक सांस्कृतिक काम होतं," माधवरावांनी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आपल्याकडे हे सगळं चालतं, असं आम्ही गृहीत धरलंय."

आता वस्तुस्थिती अशी, की सर्जेरावांनी जन्मात दारूला शिवलेलं नव्हतं. त्यांचे चुलते पिऊन पिऊन बत्तिसाव्या वर्षी गेले, तेव्हा आईनं त्यांच्याकडून गळ्याची शपथ घेतली होती. शहाण्णव घरांच्या त्या इमारतीत बाटली नसलेली जी पंचवीस घरं होती, त्यांत एक सर्जेरावांचं. हे सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही. पण माधवराव सोफ्यावर बसले होते. अकरा वर्षांनी.

"चालतं की," सर्जेराव म्हणाले. "चालतं म्हंजे काय! या समदी."

मथुराबाई तांब्या-भांडं घेऊन बाहेर आल्या. "नको नको, आत्ताच घेऊन निघालो," असं म्हणत माधवराव उठले आणि गेले. मथुराबाई पाण्यानं भरलेलं भांडं हातात धरून उभ्या राहिल्या.

"काय चालतं हो आपल्यात?" त्यांनी विचारलं. "काय चालतं, मला बी कळू द्या की."

"अगं, आत आला त्यो. बसला बी. बघितलंस न्हवं?"

"बसला तं बसला. त्यापायी तुमी दारूडं व्हनार?"

सोफ्याची कडा जिथे दबली होती, तिथे सर्जेराव बघत राहिले.

अभ्यासगट कायदा पाळणारा होता. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तेव्हा परवाना हवाच, असं एकमतानं ठरलं. कोणाच्या नावावर, यावरही एकमतच झालं. सर्जेरावांनी रीतसर अर्ज भरला आणि प्रकृतीस्वास्थ्यासाठी मद्याची आवश्यकता असल्याचं सहीनिशी नमूद केलं. साठ वर्षांत एक थेंब न घेतलेल्या माणसाच्या हाती, फोटो चिकटवलेला आजीवन परवाना आला. फोटोत ते हसत होते. (माधवरावांनी त्याची छायाप्रत संस्थेच्या दप्तरी लावून घेतली. सुशिक्षित माणसाचं हेच वैशिष्ट्य. तो कागद कधी सोडत नाही.)

कॉफी करायची कशी, हे सर्जेरावांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरी कॉफी म्हणजे उपवासाच्या दिवशी दुधात उकळलेली, जायफळ घातलेली. म्हणून ते बुधवार पेठेत शमशुद्दीनभाईंच्या दुकानात गेले. शमशुद्दीनभाई मिक्सर, पंखे आणि घुसळायची यंत्रं विकत आणि दुरुस्त करत. सर्जेरावांच्या विहिरीवरची मोटार वीस वर्षं त्यांनीच चालू ठेवली होती. विहीर बुजली, मोटार गेली, येणं-जाणं राहिलं.

"मला यातलं काही कळत नाही, सर्जेराव," भाई म्हणाले. "मी दारूला शिवत नाही. पण यंत्र कसं चालतं ते बघायला यंत्राच्या पोटात शिरावं लागत नाही. मापं द्या. मी येतो."

त्यानंतरचे नऊ दिवस बी-विंगच्या तळमजल्यावर दोन निर्व्यसनी माणसांनी, एकही थेंब जिभेवर न ठेवता, आयरिश कॉफीचं शास्त्र तयार केलं. असा प्रयोग आयर्लंडमध्येही झाला नसेल. भाईंनी कॉफीच्या कढतपणासाठी थर्मामीटर आणलं. सर्जेरावांनी मुलाकडून परदेशी बाटली मागवली, खास तिकडचीच, जवापासून काढलेली. पेला आधी गरम पाण्यानं शेकायचा, नाहीतर तडकतो (तीन तडकले). मग व्हिस्की, मग कॉफी. आणि मग साय. ती मात्र तरंगेना. पहिल्या दिवशी बुडाली. दुसऱ्या दिवशी बुडाली. तिसऱ्या दिवशी अर्धी बुडाली आणि उरलेली पेल्यात लोंबत राहिली. एकोणीस पेले वाया गेले. ते सर्जेरावांनी खिडकीतून बाहेरच्या कढीपत्त्याला घातले. (तो कढीपत्ता त्या वर्षी भलताच माजला. सभासदांनी पोह्यांना तोच वापरला आणि पोह्यांना अलीकडे वेगळीच लज्जत येते, असं दोघांनी बोलूनही दाखवलं.)

मथुराबाई नऊ दिवस नाकाला पदर लावून हे बघत होत्या. नवव्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "तुमी साखर घालताय का?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. साखर राहिलीच होती. माधवरावांनी लिहून दिलेल्या कृतीत ती नव्हती, कारण माधवरावांना मधुमेह आहे.

"साखरंबिगर पानी पातळ ऱ्हातं, त्यावर साय कशी तरंगंल? अन् ही साय अशी घट्ट कशापायी फेटली? लोन्याचा गोळा व्हायला आलाय. घुसळायला घ्यायची अन् मधीच थांबायचं. ताकाची घाई करायची न्हाई."

त्यांनी म्हशीच्या दुधाची साय चार वळशांत हवी तेवढी सैल केली, कॉफीत दोन चमचे साखर विरघळवली, चमचा उलटा धरला आणि त्याच्या पाठीवरून साय हळू सोडली. ती पसरली आणि तशीच राहिली. वर पांढरं, खाली काळं. रेघ मारल्यासारखं वेगळं.

"व्वा, वहिनी!" शमशुद्दीनभाई म्हणाले. "हात आहे हा."

"तीस वर्सं दूध केलंय भाऊ या जागेवर," मथुराबाई म्हणाल्या. "ह्यानला इचारायला काय झालं व्हतं?"

सगळी तयारी झाली आणि मंगळवार ठरला. नोटीसबोर्डावर 'पेयसंस्कृती अभ्यासवर्ग, सायंकाळी सहा, बी-विंग तळमजला' असा कागद लागला. तो लागल्यावर पद्मजाताईंनी दिनदर्शिका पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, की तो मंगळवार म्हणजे अंगारकी चतुर्थी. चौदाच्या चौदा जणांना उपवास.

एखाद्या सामान्य संस्थेनं कार्यक्रम पुढे ढकलला असता. ज्ञानकिरणनं चौदाही जणांची उपसमिती नेमली. 'आयरिश कॉफी उपवासाला चालते काय' या विषयावर तिनं दोन बैठका घेतल्या. बैठकांना सर्जेरावांनाही यजमान म्हणून बोलावलं होतं आणि दाराजवळची खुर्ची दिली होती. उपसमितीचा अहवाल मी पाहिला आहे. इतकं स्वच्छ विचारांचं लिखाण आपल्याकडे क्वचितच होतं. तो घटकवार असा :

कॉफी चालते, पुण्यात उपवासाला कॉफी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, चर्चेची गरज नाही. साखर चालते. साय चालते; म्हशीची असल्यास अधिक चालते. जायफळ घातल्यास हरकत नाही, उलट पेयाला पावित्र्य येईल. चमचा उलटा धरल्यानं उपवासास बाधा येत नाही.

राहिली व्हिस्की. तिच्यावर पावणेदोन तास चर्चा झाली. ती दारू आहे, असा आक्षेप कोणीही घेतला नाही. आक्षेप पद्मजाताईंनी घेतला तो असा, की आयरिश व्हिस्की जवाची असते आणि जव हे धान्य आहे. धान्य उपवासाला चालत नाही. चौदा चेहरे उतरले. श्रद्धा आणि संस्कृती यांचा असा संघर्ष वारज्यात यापूर्वी झाला नव्हता.

तेव्हा माधवराव उभे राहिले. एकतीस वर्षांची सरकारी नोकरी ज्या एका क्षणासाठी झाली होती, तो क्षण आला होता.

"मित्रहो," ते म्हणाले, "आपल्याकडची साधी देशी व्हिस्की बहुतेक कशापासून होते? मळीपासून. मळी कशाची? उसाची. ऊस उपवासाला चालतो."

टाळ्या झाल्या. ठराव एकमतानं मंजूर : परदेशी बाटली धान्ययुक्त असल्यानं निषिद्ध, कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी बाटली फराळी. सर्जेरावांनी मुलाकरवी आणवलेली बाटली माधवरावांनी सुरक्षित ठेवण्यासाठी आपल्या घरी नेली. (तिचंही पुढे बाष्पीभवन झालं.)

"पर अंगारकीला..." सर्जेराव दाराजवळून हळूच म्हणाले. त्यांचा स्वतःचा उपवास निर्जळी असे.

"सर्जेराव, हा शास्त्राचा भाग आहे," पद्मजाताई गोड हसून म्हणाल्या. "तुम्ही फक्त कॉफीचं बघा."

मंगळवारी सर्जेरावांनी सकाळपासून तीनदा फरशी पुसून घेतली. नवी चादर काढली. शमशुद्दीनभाईंनी दुकान लवकर बंद केलं आणि यंत्रं घेऊन आले. मथुराबाई मात्र कॉफीकडे फिरकल्या नाहीत. "साय घालीन तेवढी," त्या म्हणाल्या. "पर मानसं घरी यायची, उपाशी. मी आपली खिचडी करते." आदल्या रात्री भिजवलेला साबुदाणा, घरचं तूप, हातानं कुटलेलं दाण्याचं कूट, वर खोबरं आणि कोथिंबीर. पंधरा ताटल्या मांडल्या. पंधरा भांडी पाण्यानं भरली. अकरा वर्षांत जी भांडी कोणी उचलली नाहीत, ती त्या दिवशी त्यांनी चिंच लावून घासली होती. स्वतः दोघांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

सहाला पाच मिनिटं कमी असताना चौदाही जण आले. आत आले! सोफ्यावर, खुर्च्यांवर, दिवाणावर, मावतील तिथे बसले. घर भरलं. सर्जेरावांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला ते उगीचच पंख्याच्या बटणाशी गेले. एवढी माणसं त्यांच्या घरी मुलीच्या लग्नानंतर आली नव्हती.

मग पद्मजाताईंनी पिशवी उघडली आणि तिच्यातून आपला पेला काढला. माधवरावांनी आपला काढला. चौदा जणांनी चौदा पेले काढले, घरून आणलेले, रुमालात गुंडाळलेले.

"आपल्याला त्रास नको," माधवरावांनी खुलासा केला.

सर्जेरावांनी भाईंबरोबर जाऊन निवडून आणलेले चौदा पेले टेबलावर शेकून तयार होते. ते तसेच राहिले. कॉफी झाली. ती झकास झाली, यात वाद नाही. साय एकाचीही बुडाली नाही (माधवरावांनी मधुमेह त्या दिवसापुरता स्थगित ठेवला). पहिल्या पेल्यावर आयर्लंडची चर्चा झाली, दुसऱ्यावर भारतीय संस्कृतीची. तिसऱ्यावर पद्मजाताईंनी गणपतीची आरती म्हणायला घेतली आणि दुसऱ्या कडव्यापाशी पहिलं पुन्हा सुरू केलं.

मथुराबाई ताटल्या घेऊन बाहेर आल्या.

"आता दोन घास खावा," त्या म्हणाल्या. "पोटात काय न्हाई तुमच्या."

पद्मजाताईंनी ताटलीकडे पाहिलं, मथुराबाईंच्या हाताकडे पाहिलं आणि चौथा पेला सांभाळून खाली ठेवला.

"अहो, उपवास आहे ना," त्या म्हणाल्या. "आम्हांला बाहेरचं चालत नाही."

"मग पानी तरी..." सर्जेराव म्हणाले.

चौदा जणांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून गेले होते. चंद्रोदयाला घरी पोचायला हवं होतं, आणि घर दोन मजले वर होतं. आपापले पेले रुमालात गुंडाळून, भिंतीचा आधार घेत, एकमेकांना सावरत, आरतीचं तेच कडवं पुन्हा म्हणत अभ्यासगट जिन्यानं मार्गस्थ झाला.

घरात पंधरा ताटल्या आणि पाण्याची पंधरा भांडी राहिली. मथुराबाई मटकन खाली बसल्या. "शिवलं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "दारू चालली आपल्या हातची. पानी न्हाई चाललं." आणि त्या रडल्या. सर्जेराव त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. त्यांना राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून त्यांना जास्त राग येत होता.

शमशुद्दीनभाई कोपऱ्यात यंत्रांची वायर गुंडाळत होते. ती ठेवून ते आले आणि त्यांनी एक ताटली उचलली. मग दुसरी. खाऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, पाणी द्या," आणि भांडं उचलून घटाघटा प्यायले. "अजून एक."

बुधवारी सकाळी माधवराव दारात उभे होते. डोळे लाल होते, पण हातात कागद होता. संस्थेच्या निवासी इमारतीत मद्यपान झाल्याची, आणि जिन्यात आरती म्हटली गेल्याची लेखी तक्रार आली होती (तक्रारदार सासूबाईंचं नाक निर्दोष असल्याचं यावरून सिद्ध झालं). सबब, श्री. सर्जेराव यांनी आपल्या व्यसनाबाबत सात दिवसांत खुलासा करावा.

सर्जेरावांनी तिथेच, कागदाच्या पाठीवर, एका ओळीत खुलासा लिहिला : 'मी पीत न्हाई.'

कार्यकारिणीनं तो फेटाळला. ती तरी काय करणार? दप्तरी छायाप्रत होती. प्रकृतीस्वास्थ्यासाठी आपल्याला मद्य लागतं असं खुद्द सर्जेरावांनी सरकारला सहीनिशी कळवलं होतं, आणि सरकारी कागद खोटा असू शकत नाही. शिवाय व्यसनी माणूस नेहमी 'मी पीत नाही' असंच म्हणतो, हे एका सभासदानं स्वानुभवावरून सांगितलं. सर्जेरावांना ताकीद देण्यात आली. तिचा कागद नोटीसबोर्डावर लागला आणि तो वाचताना चौदा जणांनी खेदानं माना हलवल्या.

ताकीद द्यायलाही माधवरावच आले. कागद हातात देऊन ते जरा घुटमळले. मग इकडे-तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पुढची संकष्टी बुधवारी आहे. सहालाच येऊ ना?"

सर्जेराव आत जाऊन पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आले आणि उंबऱ्यावर उभे राहिले.

"या की," ते म्हणाले. "कॉफी हाय, साय हाय, समदं हाय. पर आधी हे पानी प्यायचं. मग हिच्या हातची खिचडी खायची. ताटली रिकामी झाली की मग पेला भरंल. कुनी बी असू द्या."

माधवरावांनी तांब्याकडे पाहिलं, आणि मग घड्याळाकडे.

या अटीवर विचार करण्यासाठी उपसमिती नेमली आहे. बी-विंगच्या तळमजल्यावरचं पाणी आणि आपल्या घरचं पाणी एकाच टाकीतून येतं काय, याची ती तपासणी करत आहे. अहवाल अजून आलेला नाही. सर्जेरावांची ताजी आकडेवारी मात्र उपलब्ध आहे. दारात आले : एकशे सेहेचाळीस वेळा. आत आले : दोनदा. पाणी प्यायले : एक (बुधवार पेठेतले).

वाचकांपैकी कित्येकांनी एव्हाना कृती मनात टिपून ठेवली असेल. पेला शेकायचा, साखर विसरायची नाही, साय मध्येच थांबवायची, चमचा उलटा. येत्या शनिवारी ती करूनही बघतील, माळ्यावरची बाटली काढून. साय कशी तरंगली, हे आपण इथवर मोठ्या उत्सुकतेनं वाचत आलात. मथुराबाईंची खिचडी कशी झाली होती, हे आपणही विचारलं नाहीत.